राजाचा फाटका कान

माझा सतराव्या वर्षीचा आवाज अजून जगात कुठे कुठे पडून आहे. परवा धाकटीनं तो मोबाईलवर हुडकून काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. “काय मंडळी, जेवलात का? खरं सांगा हं, गणूदादाला खोटं चालत न्हाई.” हे म्हणणारं पोरगं मीच. डोक्याला टॉवेल गुंडाळलेलं, मागे काळी मेंढरं, मान जराशी वाकडी, आणि आवाज असा लाडिक की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्याइतकं आपलं माणूस दुसरं नाही. मी मोबाईल हिसकावून घेतला. पोरगी रडायला लागली. बायको म्हणाली, “आहो, लेकरू कौतुकानं दाखवतंय.” कौतुक! डोंबलाचं कौतुक. मला त्या पोराच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात, आणि ते काही आता जमण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं घर पालीच्या पुढे, बिंदुसरेच्या धरणाचं पाणी जिथे संपतं त्या अंगाला. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीसमोर जाळीनं घेरलेला वाडा, त्यात साठेक मेंढरं. आमच्याकडे दिवस उजाडायचा तो कोकरांच्या ओरडण्यानं. आया चरायला निघायच्या आधी कोकरं पाजून घ्यायची असतात, आणि त्या वेळी जो गलका होतो त्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण आबा, म्हणजे माझे वडील, पडवीत तंबाखू मळत बसल्या बसल्या सांगायचे, “आरं, ते पल्याडचं पिल्लू दुसरीलाच लागलंय, सोडव त्याला, त्याची आई वरडती बघ.” आणि ते तसंच असायचं. साठ काळी जनावरं, बघणाऱ्याला सगळी सारखीच, पण आबांना पाठमोरं जनावर ओळखू यायचं. त्याची आई कोण, आजी कोण, कुठल्या दुष्काळात ती कुठे व्याली, हे सगळं त्यांच्या तोंडावर. आत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज चालू असायचा. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वर कच्चा कांदा, आणि एखादी मेंढी नुकती व्यालेली असली तर चिकाचा खरवस. आई पहिली वडी आबांना द्यायची, दुसरी मला, आणि स्वतः भांडं खरवडून खायची. हे मी तेव्हा रोज बघत होतो आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. पुढे त्याच खरवडण्याचा मी व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं, ‘माझी माय’. लोक धाय मोकलून रडले म्हणे. आईला मी त्या दिवशीही वडी दिली नाही.

बीडला अकरावीला जायचो, बसनं. मामानं त्याचा जुना मोबाईल दिला होता. पहिला व्हिडिओ मी सहज केला, त्यात काही पाप नव्हतं. एक कोकरू होतं, कुत्र्यानं धरलेलं. आबांनी काठी घातली म्हणून जिवानिशी सुटलं, पण डावा कान अर्धा गेला. आबा त्याला हळद भरायचे आणि ते त्यांच्या पायात शिरून अंगठा चाटायचं. मी ते टिपलं आणि टाकलं. चार दिवसांत हजारांनी लोक गोळा झाले. कुणी नाशिकचं, कुणी पुण्याचं, कुणी दुबईला गेलेलं. “दादा, याचं नाव काय?” आमच्यात विकायच्या जनावराला नाव देत नाहीत, पण हे विकायचं नव्हतंच. मेंढे आम्ही बकरी ईदसाठी वाढवायचो, आणि कान तिसऱ्या हिश्श्याच्या वर तुटलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही. म्हणजे फाटक्या कानानं ते वाचलं. मी नाव ठेवलं राजा.

मग मी शिकत गेलो. कुणी शिकवलं नाही, पण शिकलो, आणि लई लवकर शिकलो. ‘नमस्कार मित्रांनो’ म्हटलं की लोक पुढे सरकतात, ‘जेवलात का’ म्हटलं की थांबतात. बोलताना रोज पाच जणांची नावं घ्यायची. नाव ऐकलेला माणूस मग हटत नाही. सल्ला मागायचा. राजाला कुठली घंटा घालू, लोखंडी का पितळी, तुम्हीच सांगा. मग तो मेंढा त्यांचाही होतो. मधूनच आवाज खाली आणून म्हणायचं, “हे फकस्त तुमालाच सांगतोय, घरात कुणाला ठाऊक न्हाई,” आणि ते ‘फकस्त तुमी’ म्हणजे हजारो माणसं. एकदा खरंच रडू आलं होतं, अकरावीच्या गणितात नापास झालो तेव्हा. त्या दिवशी लोकांचा इतका लळा दिसला की पुढे मला हवं तेव्हा रडता यायला लागलं. आधी बोलायचं थांबायचं, बाजूला बघायचं, नाक ओढायचं, मग हसायचा प्रयत्न करायचा. हसायचा प्रयत्न सगळ्यात जास्त चालायचा. शी! लिहितानाही तोंडात घाण चव येते.

घरात मात्र माझं बोलणं तोडून. आबांनी राजाला भाकरीचा घास दिला की मी म्हणायचो, “आबा, पुन्यांदा. उजेडाकडं तोंड करा.” आई म्हणायची, “आरं, त्याचं प्वाट भरलंय, किती येळा चारायचं त्याला?” मी ओरडायचो, “गप की गं, आवाज येतोय तुजा!” आणि तो आवाज कापून टाकून, जगाला आई किती प्रेमळ ते सांगायचो.

बीडच्या मंडईत गफूरचाचांचं फळांचं दुकान होतं. उन्हाळ्यात आंबे, टरबुजं, नंतर सीताफळं. त्यांचा आमचा रिवाज असा, की एक ईद झाली की महिन्या-दोन महिन्यांनी चाचा घरी यायचे, आईच्या हातचे धपाटे खायचे, आणि आबा वाड्यातून दोन-तीन पिल्लं पुढे काढायचे. चाचा बघायचे आबांकडे, पिल्लाकडे नाही. आबा ज्याच्याकडे मान हलवतील त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “हा आमचा.” बस्स. कागद नाही, साक्षीदार नाही. त्या दिवसापासून ते पिल्लू त्यांचं. पुढच्या ईदेपर्यंत आबा त्याला तळहातावर वाढवायचे, शिंग, दात, कान, खूर, कुठे ओरखडा येऊ द्यायचे नाहीत. त्या वर्षी चाचांनी हात ठेवला तो नेमका राजाच्या पाठच्या भावावर, त्याच आईच्या पुढच्या वेताच्या मेंढ्यावर. तसाच काळा, कपाळावर तसाच पांढरा ठिपका.

चाचांबरोबर त्यांची आफरीन यायची, बारा वर्षांची. ती राजाची वेडी होती. माझा एकेक व्हिडिओ तिला पाठ. रोज मला आवाजी निरोप पाठवायची, “गणूभाई, आज राजा लंगडत होता का? गणूभाई, माझं नाव घ्या ना एकदा.” मी घ्यायचो. ‘बीडच्या आमच्या लाडक्या आफरीनताई’ म्हणायचो. ती अख्ख्या शाळेला ऐकवायची. तिला वाटायचं मी तिचा भाऊ आहे. मला वाटायचं, रोज निरोप पाठवणारं माणूस कामाचं असतं.

मे महिना होता. धरण पार तळाला गेलेलं, कुठे हिरवं पान नाही. बांधापलीकडे विहिरीच्या पाण्यावर एकानं कडवळ केलं होतं, चाऱ्याची ज्वारी, आणि ती कापून नेल्यावर खाली फुटवे आले होते, वीतभर, उन्हानं माना टाकलेले. असले फुटवे जनावरानं खाल्ले की विष होतं. आमच्याकडे त्याला किराळ लागणं म्हणतात, आणि धनगराच्या दुधपित्या पोराला ते माहीत असतं. मी बाभळीखाली बसून मोबाईलवर लोकांशी थेट, लाईव्ह, बोलत होतो. राजा शेजारी हवा म्हणून त्याला कळपातून काढून आणलेलं. लोक विचारत होते, मी उत्तरं देत होतो, “व्हय काकू, बीपीची गोळी चुकवू नका, माझी शप्पत हाय तुमाला.” राजा कधी उठून गेला, मी बघितलं नाही. लांबून आई ओरडली, “गण्याऽऽ, राजा कडवळात शिरला बघ!” मी मोबाईलवरून नजर न काढता म्हणालो, “थांब गं, येतो.” ते सगळ्यांनी ऐकलं. मग काकूंना हसून म्हणालो, “आमची आई अशीच, लई काळजी.”

मी गेलो तेव्हा तो आडवा झाला होता, तोंडाला फेस. आबा धावत आले, गूळपाणी पाजलं, पोट चोळलं. काही उपयोग झाला नाही. आबांनी स्वतः खड्डा खणला. एवढंच म्हणाले, “जित्राबावर ध्यान नव्हतं व्हय रे तुजं?” मी म्हणालो, “हुतं की.”

सांगून टाकता आलं असतं. राजा गेला, एवढंच. पण थेट ऐकणाऱ्यांनी आईची हाक ऐकली होती, माझं ‘थांब गं’ ऐकलं होतं. त्यांनी दोन आणि दोन चार केले असते. आणि राजा गेला तर माझ्यात बघण्यासारखं उरणार काय? दोन दिवस मी नुसता आवाज टाकला, रडवेला, की राजा आजारी आहे, देवाला नवस बोला. लोक नवस बोलले. पाटोद्याच्या एक मावशी उपास धरून बसल्या. मग सगळे एकच धोशा लावून बसले, राजा दाखवा, राजा दाखवा. कुणी तरी लिहिलंही, ‘मेला काय बे तुझा राजा?’

आबा नेकनूरच्या बाजाराला गेलते आणि आई शेण-लेंड्या भरायला. मी लोकर कातरायची कातर घेतली आणि चाचांच्या मेंढ्याजवळ गेलो. तो पळाला नाही. आबांनी हातावर वाढवलेला, माणूस जवळ आलं की मान पुढे करायचा, तशी केली. डावा कान मी अर्धा धरला आणि एका दमात कापला. त्यानं ओरडून माझ्याकडे बघितलं, पळाला तरीही नाही. रक्त, हळद, वरून लाल फडकं. संध्याकाळच्या आत व्हिडिओ गेला: ‘तुमच्या आशीर्वादानं राजा उठला.’ असा व्हिडिओ माझा कधी चालला नव्हता. पाटोद्याच्या मावशींनी उपास सोडला आणि वरण-भाताच्या ताटाचा फोटो पाठवला. मी तो बघून जेवायला बसलो, आणि दोन भाकरी खाल्ल्या. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, की मला त्या दिवशी भूक लागली होती.

आबांना मी सांगितलं, कुत्र्यानं धरलं. त्यांनी फडकं सोडलं, कानावरून बोट फिरवलं, पुन्हा फडकं बांधलं. “कुत्र्याचा दात सरळ चालत न्हाई, गण्या,” म्हणाले, आणि बाजूला थुंकले. कावून केलंस, असं विचारलं असतं तर मी काही तरी बोललो असतो. विचारलंच नाही. आईनं म्हटलं, चाचांना फोन तरी लावा. आबा म्हणाले, “आसली गोष्ट फोनवर सांगत्यात व्हय? त्वांडावर सांगीन.”

ईद आठ दिवसांवर आली तेव्हा चाचा मेंढा न्यायला आले. टेम्पो, टेम्पोत हिरवा चारा, आणि पुढे आफरीन, नव्या कपड्यात, मुठीत गूळ. कानाची जखम तोवर वाळली होती, मी फडकं सोडलं होतं, आणि मोबाईल हातात चालू होता, कारण ‘राजाला भेटायला आली आफरीनताई’ असा व्हिडिओ मी आधीच कबूल करून बसलो होतो. आबांनी मेंढा पडवीत आणला. टोपी काढून हातात घेतली. आबांना मी दुसऱ्या कुणासमोर टोपी काढताना बघितलं नव्हतं. “चाचा, ह्यो तुमचा. तुमी हात ठिवलेला. पर कान गेला त्याचा, आता तुमच्या कामाचा न्हाई. माझ्या दारात गेला, म्हंजी गुन्हा माझा. वाड्यात कुटंबी हात ठिवा, माझी ना न्हाई.”

चाचा गडबडले. “आबाजी, अहो टोपी घाला आधी. जनावर आहे, होतं.” तेवढ्यात आफरीन त्या मेंढ्यापुढे बसली आणि गूळ पुढे करून म्हणाली, “राजा, ये.” मेंढा मागे सरकला. ती पुन्हा म्हणाली. तो आणखी मागे सरला, आबांच्या पायाला चिकटला. तिनं माझ्याकडे बघितलं. “गणूभाई, हा राजा नाही. राजा माझ्याकडे येतो. आबा पण म्हणतात ना, हा आमचावाला आहे. मग राजा कुठंय?”

आई चहाचा कप धरून दारात उभी. मोबाईल चालू होता, आणि मला ठाऊक होतं की एवढंच खरं बोलायचं आहे, ‘मेला.’ एक शब्द. तो आला नाही, दुसरंच आलं, आणि कुठल्या आवाजात आलं म्हणता? त्याच. मान वाकडी करून, हळू, मायेनं. “आफरीनताई, ह्यो राजाच हाय गं. आजारातनं उठलाय, म्हणून बुजतोय. चाचांचा मेंढा मागंच कळपात हाय. आबांची नजर गेलीया आता. जनावरं वळखू येत न्हाईत त्यास्नी. आमी घरात बोलून दाखवत न्हाई, त्यास्नी वाईट वाटतं.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. चाचांनी आबांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात दया होती. आबांनी एक शब्द बोलायचा अवकाश, की मी उघडा पडलो असतो. कान कुणी कापला, राजा कुठे पुरला, सगळं त्यांना ठाऊक होतं. आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, “आसंल. नजर जरा कमीच झालीया माझी.”

मग चाचा वाड्यात शिरले. मागच्या मेंढ्यांतून त्यांनी एक निवडला, आणि तेव्हा प्रथमच त्यांनी स्वतः त्याचं तोंड उघडून दात बघितले, खूर उचलून बघितले, दोन्ही कान बोटांत धरून उजेडाकडे फिरवले. आबा बाजूला उभे होते. चाचांनी त्यांना काही विचारलं नाही. जाताना मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलले, म्हाताऱ्याशी बोलतात तसं, “येतो आबाजी. तब्येत सांभाळा.” आबा तेव्हा पन्नाशीतही नव्हते.

आबा पुढे पुष्कळ वर्षं मेंढरं राखत होते. बीडचं गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे वळलं, आणि जे आलं ते दात बघून घेणारं आलं. मला त्यांनी मारलं नाही, घालवून दिलं नाही, त्या गोष्टीचा उच्चारही कधी केला नाही. फक्त माझ्याशी बोलताना त्यानंतर ते माझ्या तोंडाकडे बघत नसत. मी आज पाटोद्याला जनावरांच्या औषधांचं दुकान चालवतो. कुणी तरी अजून निरखून विचारतं, “तुमी राजावाले का हो?” मी म्हणतो, न्हाई.

चाचांचा टेम्पो गेला त्या संध्याकाळी आफरीनचा निरोप आला. मागे मंडईचा गलबला ऐकू येत होता. “गणूभाई, माफ करा हं. मी शक घेतला. घरी जाऊन तुमचे सगळे व्हिडिओ परत बघितले, शिंगं मला वेगळीच वाटली, पण मग म्हटलं, गणूभाई माझ्याशी खोटं कशाला बोलतील? माझंच चुकलं असेल. आणि आबांची काळजी करू नका. अब्बूंनी इथे मंडईत सगळ्यांना सांगून ठेवलंय, की आबांना आता दिसत नाही, जनावर आपलं आपण बघून घ्या, पण त्यांच्यावर रागावू नका. मीच सांगायला लावलं अब्बूंना. बरं केलं ना मी?”

आबा पडवीत बसून कोकरं पाजत होते. मी निरोप दोनदा ऐकला, आणि त्याच्याखाली लाल बदाम दाबला.